पहिली वेलांटी

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत एका झेरॉक्सच्या दुकानावर आमची खोली आहे. तिथं अक्षरा आणि मी फॉन्ट बनवतो. फॉन्ट म्हणजे काय, हे माझ्या आत्याला अजून उमगलेलं नाही. गावी, उमरीत, ती सगळ्यांना सांगते की आमचा धम्मदीप कॉम्प्युटरला अक्षरं विकतो. पूर्वी मी तिला समजावत बसायचो, आता सोडून दिलंय.

एका फरसाणवाल्याला पोरांच्या खाऊच्या पुड्यांसाठी फॉन्ट हवा होता. हाताने लिहिल्यासारखा, खेळकर. "अक्षरं उड्या मारताना दिसली पाहिजेत," असं त्याचं म्हणणं. अक्षराने माझ्याकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच माणूस होता, तिचे वडील.

शिवमूर्ती अप्पा उदगीरचे पेंटर. फ्लेक्स यायच्या आधी गावातले निम्मे बोर्ड त्यांच्या हातचे असायचे. आडत दुकानांवर ते सरळ, भारदस्त लिहायचे. पण रसवंती, खेळण्यांची दुकानं, बँडवाले, बालवाडी असलं काम आलं की त्यांचा ब्रश मोकाट सुटायचा. त्यांचा 'ळ' डोळे वटारलेल्या बेडकासारखा बसलेला असे. 'ग' एका पायावर लंगडी घालत असे. शिरोरेषा तर कधी सरळ नसायचीच. पुढे फ्लेक्स आले, बोर्ड एकेक करून उतरले आणि अप्पा घरी बसले. मुलीचं नाव त्यांनी आधीच अक्षरा ठेवून दिलेलं होतं, तेवढं कुणाला उतरवता आलं नाही.

आम्ही उदगीरला गेलो तेव्हा हवा कोंदट होती. तुरीचा हंगाम, त्यामुळे धान्याच्या मोंढ्यावरून उडालेला भुसा सगळ्या गल्लीत तरंगत होता. किल्ल्याखालच्या त्यांच्या पत्र्याच्या घरात दुपारीही दिवा लावावा लागायचा. अप्पा नुकतेच पूजेवरून उठले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे होते आणि गळ्यातलं इष्टलिंग परत रुमालात बांधत त्यांचं 'नमः शिवाय, नमः शिवाय' चालूच होतं. ते दिवसभरच चालू असायचं. रंग कालवतानासुद्धा.

"कसं पायजे, शाण्यावानी का येड्यावानी?" त्यांनी विचारलं.

"येड्यावानी, अप्पा," मी म्हणालो.

"मग सोपं हाय. अक्षर सरळ उभं ऱ्हायलं की पोलीस वाटतंय. जरा वाकलं की लेकरू वाटतंय." आणि त्यांनी ब्रश बुडवला.

सगळी बाराखडी त्यांनी एका बैठकीत लिहून काढली. अक्षराची आई, जिला आम्ही सगळे अव्वा म्हणतो, दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. "लई दिसांनी हसून राहिले बघ," ती माझ्या कानाशी म्हणाली. मला ते वाक्य ऐकून फार बरं वाटलं होतं.

कागद स्कॅन करून आम्ही कामाला लागलो. कागदावरचं अक्षर कॉम्प्युटरवर नीट गिरवायचं, त्याच्या जागेवर बसवायचं आणि फाइल सेव्ह करायची, असं एकेक अक्षर होतं. अक्षराने सुरुवात 'ळ' आणि 'ग'पासून केली. त्या दोघांवर तिचा जीव होता.

त्यानंतर काही दिवसांनी ती घरी गेली तेव्हा अव्वाने तक्रार केली की अप्पा हल्ली फार थट्टा करतात. गूळ मागायचा तर सरळ गूळ म्हणत नाहीत. "साखरंचा भाऊ टाक चहात," म्हणतात. सगळं म्हणत नाहीत, समदं म्हणतात. अक्षरा हसली. अप्पांना तशी थट्टेची सवयच होती. परत आल्यावर तिने मला सांगितलं, मीही हसलो.

पहिल्या दोन अक्षरांच्या नमुन्याची पानं छापून झाली तेव्हा ती दाखवायला मी उदगीरला गेलो. अप्पा म्हणाले, चल, फिरून येऊ. मी त्यांना गाडीवर मागे बसवून स्टेशन रोडने निघालो. त्या रस्त्यावर त्यांच्या हातचा एक बोर्ड अजून शिल्लक आहे, 'संगम रसवंती'. हिरव्यावर पिवळा, उन्हाने विटलेला. अप्पांनी माझ्या खांद्यावर थाप मारून गाडी थांबवली.

"हे मधीच कोरं का सोडलंय रे?"

"कुठं, अप्पा?"

त्यांनी बोट दाखवलं. बोट नेमकं 'ग'वर होतं. "कोनी केलंय हे?"

"अप्पा, तुम्हीच केलाय हा बोर्ड."

"मी? मी असं कोरं सोडत न्हाई." ते गाडीवरून उतरले. "ब्रश असता तर भरून टाकलं असतं."

"काय भरलं असतं?"

त्यांनी हात वर केला, बोटं ब्रश धरल्यासारखी जुळवली. हात हवेत तसाच थांबला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि म्हणाले, "चल, ऊन लई हाय." ऊन नव्हतंच. आभाळ भुशाने मळलेलं होतं.

घरी आल्यावर मी अक्षराला फोन केला. ती दुसऱ्याच दिवशी आली आणि अप्पांच्या समोर बसली. "अप्पा, 'गाय' म्हणा."

"म्हटलं की."

"परत म्हणा बरं."

"य," अप्पा म्हणाले.

लातूरच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं, मेंदूचा फोटो काढला. फोटोत काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले की झटका आला तर शब्द जातात, जीभ अडखळते, पण असं एकच अक्षर वेचून नेलेलं त्यांनी पाहिलं नाही. गोळ्या दिल्या. अप्पा बाहेरच्या बाकावर बसून समोरच्या फ्लेक्सला नावं ठेवत होते. त्यांना आपल्याला काही झालंय असं वाटतच नव्हतं.

परतताना नळेगावच्या थांब्यावर चहा पिताना अक्षरा म्हणाली, "धम्मा, जी दोन गेली ती दोनच मी पूर्ण केलीत."

मी तिला वेड्यात काढलं. आमच्या घरात करणी, बाधा असला शब्द कुणी काढला तर माझे वडील हातातला चहा खाली ठेवून मोठं भाषण द्यायचे. ती भाषणं ऐकून मी वाढलोय. मी म्हणालो, आपण तपासून बघू. मी लातूरला बसून, तुला न सांगता, एक अक्षर पूर्ण करतो. तू फक्त अप्पांजवळ राहा.

मी 'ढ' निवडला. म्हटलं, त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. अप्पांचा 'ढ' पोट सुटलेला, झोपाळू होता. गिरवताना मला हसू येत होतं. फाइल सेव्ह केली, फोन केला आणि अक्षराला एवढंच सांगितलं की अप्पांना विचार, तू शाळेत कशी होतीस.

तो त्या बापलेकीचा जुना खेळ होता. कुणीही पाहुणा आला की ती विचारायची आणि अप्पा हात उंचावून ओरडायचे, "ढ!" मग दोघं हसायचे.

फोन स्पीकरवर होता. "अप्पा, मी शाळेत कशी होते?"

मला नुसता श्वास ऐकू आला. मग अप्पांचं हसणं. ते ओरडल्यासारखे हसत होते, आणि अक्षरा हसत नव्हती.

मी फाइलमधून 'ढ' पुसून टाकला. 'ळ' आणि 'ग'ही पुसले. अप्पांच्या तोंडी काही परत आलं नाही. तेव्हा मी ते पुन्हा बसवले आणि आम्ही काम बंद केलं.

पण अप्पांनी विचारलंच. फॉन्ट कुठवर आला, म्हणून ते रोज अव्वाच्या मागे लागायचे. शेवटी अक्षराने त्यांना खरं काय ते सांगितलं. मीही तिथे होतो. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ते हसतील.

"माज्या हातचं समदं उतरवलं त्यांनी," ते म्हणाले. "बोर्ड, भिंती, समदं. आता परत उभं ऱ्हातंय तर तुमी थांबून काय राहिले? म्हाताऱ्याच्या तोंडाला काय करायचंय? रस्त्यावर दिसलं पायजे. पुरं कर."

"मी करणार नाही," अक्षरा म्हणाली.

"तर ह्यो करंल. का रे, धम्मा?" मग ते तिच्याकडे वळले आणि आवाज एकदम खाली आला. "फकस्त पाच राहू दे, माय. नमः शिवाय. जाताना तितकीच पुरतात. ती तोंडात असली म्हंजे झालं."

अव्वाने पदर डोळ्याला लावला. लिंगायतांत मरताना ती पंचाक्षरी ओठांवर असावी, एवढीच इच्छा माणूस धरून असतो, असं ती मला नंतर म्हणाली. ती पाच राहिली तर बाकी सगळं गेलं तरी ती तक्रार करणार नव्हती.

मी हो म्हणालो. 'ढ' गेला तरी माझा विश्वास नव्हता, म्हणूनच हो म्हणणं सोपं गेलं. म्हाताऱ्याला बोलण्याचा काहीतरी आजार आहे, तो आपल्या गतीने वाढतोय, आपण निदान त्याच्या मनासारखं करू, असा माझा हिशेब होता. अक्षराने मला निघताना बजावलं, "न, म, श, व, य. ह्यांना हात लावू नकोस."

आम्ही फॉन्टवाले अक्षरं अशीच मोजतो. एक चौकोन, एक अक्षर. ते पाच चौकोन मी आमच्या एका जुन्या, सरळ फॉन्टमधून तात्पुरते भरले. अप्पांच्या नाचऱ्या ओळीत ती पाच अक्षरं पोलिसांसारखी उभी दिसायची. काना आणि विसर्गाची दोन टिंबं मी माउसनेच काढली. उभी रेघ आणि टिंब, त्यात कुणाचा हात कशाला शोधायचा. उरलेलं सगळं मी अप्पांच्या कागदावरून गिरवत गेलो.

अक्षरा उदगीरलाच राहिली. तिचे फोन यायचे. अप्पा आता अमुक म्हणत नाहीत. अप्पा आज फार बोलले नाहीत. अप्पा खुणा करतात. पण पूजा नेमाने होते, आणि पूजेत पाचही अक्षरं खणखणीत येतात. हे सांगताना तिचा आवाज मोकळा व्हायचा. त्यांना तिचं नाव घेता येत नव्हतं, तर ते तिला 'माय' म्हणून हाक मारायचे. त्यात म आणि य होतेच.

शेवटी मी मात्रा, उकार, वेलांट्या केल्या. अप्पांची पहिली वेलांटी मोठी गमतीची होती, मांजराच्या शेपटीसारखी मागे वळून अक्षरावर सावली धरणारी. ती बसवली, फाइल सेव्ह केली. फॉन्टचं नाव ठेवलं 'अप्पा'. फरसाणवाल्याला पाठवला, आणि अप्पांनी सांगितलं होतं म्हणून सगळ्यांसाठी नेटवर मोकळाही सोडला.

सकाळी फोन आला. अक्षराचा होता. तिने फोन नुसता पूजेच्या खोलीकडे धरला.

"नमः शवाय," अप्पा म्हणत होते. "नमः शवाय. नमः शवाय."

मी गाडी काढून तडक उदगीर गाठलं.

अप्पा पाटावर बसले होते, डाव्या तळव्यावर लिंग, डोळे मिटलेले. चेहरा प्रसन्न. आपण बरोबर म्हणतोय यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. अव्वा स्वयंपाकघरात कान झाकून बसली होती.

"शिवातली वेलांटी गेली की शव ऱ्हातंय," ती म्हणाली. "लहानपनी ऐकलं होतं. ह्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं का मला? रोज सकाळी मड्याला नमस्कार करून राहिले की रे ते!"

शिवाला वेलांटी लागते. शाळेतल्या पोराला हे कळतं. आम्हा दोघा फॉन्टवाल्यांना कळलं नाही, कारण आमच्या हिशेबात ती अक्षर नव्हतीच. ती नंतर लावायची वस्तू होती. मी तिथेच लॅपटॉप उघडला आणि वेलांटी पुसली. खोलीतून येणारा आवाज बदलला नाही. मला त्या क्षणी माझ्या वडिलांची सगळी भाषणं आठवली आणि एकाचाही उपयोग झाला नाही.

अप्पांनी त्या दिवशी जेवण नाकारलं. "नाय," म्हणाले. दुसऱ्या दिवशीही नाय. अंगात ताप होता. डॉक्टर येऊन गेले आणि जाताना अक्षराला बाजूला घेऊन बोलले. ती परत आली आणि अप्पांच्या उशाशी बसली. आता एकच गोष्ट उरली होती. ते जाताना काय म्हणणार.

"असंच जाणार का ते?" अव्वाने विचारलं.

अक्षराने अप्पांचा ब्रश घेतला.

काळा रंग बशीत कालवला. उरलेला एक कोरा कागद घेतला आणि त्यावर एक पहिली वेलांटी काढली. तिची स्वतःची. अप्पांच्यासारखी ऐटबाज नव्हे. आखूड, घाईची, टोकाला किंचित थरथरलेली.

"अक्षरा, थांब," मी म्हणालो.

"अव्वाला विभूती घेऊन आत बसू दे," ती म्हणाली. "हे माझं काम आहे."

तिने मोबाइलने फोटो काढला. लॅपटॉप माझ्या हातातून ओढून घेतला. गिरवली. रिकाम्या चौकोनात बसवली.

सेव्ह केली.

आतून आवाज आला, "नमः शिवाय."

स्पष्ट. पाचही.

अव्वा मोठ्याने रडायला लागली. अक्षराने लॅपटॉप बंद केला, डोळे पुसले, माझ्याकडे बघून हसली.

"झालं," ती म्हणाली.

अप्पा गेले तेव्हा सकाळची पूजा चालू होती. अव्वा शेजारीच होती. शेवटचं 'शिवाय' तिने पुरतं ऐकलं, मग मान छातीवर आली. ती हे सगळ्यांना सांगत होती, सांगताना रडत होती आणि तिच्या रडण्यात समाधान होतं. मलाही बरं वाटलं. आपण काही तरी परत मिळवून दिलं असं वाटलं.

लिंगायतांमध्ये माणसाला बसवून पुरतात. खड्ड्यात अप्पा बसले होते, तळव्यात लिंग, अंगावर बेलाची पानं. विधी करणाऱ्या जंगमस्वामींनी अक्षराला पुढे बोलावलं.

"ती पांढरी राख द्या," ती म्हणाली.

स्वामींनी वर पाहिलं. "विभूती म्हन, पोरी."

"तेच. ती राख."

दुःखात माणसाला शब्द सुचत नाहीत. मी तेवढंच समजलो.

परतताना आम्ही चौकातून चालत आलो. अप्पांना मानणाऱ्या पोरांनी तिथे फ्लेक्स लावला होता. अप्पांचा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली 'लिं. शिवमूर्ती पेंटर', 'लिं.' म्हणजे लिंगैक्य. फ्लेक्सवाल्याने आमचाच फॉन्ट वापरला होता, अक्षराच्या वेलांटीसकट मी नेटवर पुन्हा चढवलेला. श्रद्धांजलीच्या बोर्डावर अक्षरं उड्या मारत होती. अप्पांना आवडलं असतं.

मी नाव पुन्हा वाचलं.

श, व आणि म. मी पोलिसांसारखे सरळ उभे केलेले चौकोन. ते वाकले होते. 'श' मान वेळावून बघत होता, 'म'ने कमरेवर हात ठेवला होता. ते अप्पांचे होते. त्या फाइलला सेव्ह केल्यापासून कुणी हात लावलेला नव्हता.

'श'च्या आधी अक्षराची आखूड वेलांटी होती. काळी, ठळक, मला दुरूनही दिसत होती.

अक्षरा माझ्या शेजारी उभी होती. तीही ते नाव वाचत होती. मग तिने हात वर केला आणि नेमकं त्या वेलांटीवर बोट दाखवलं.

"धम्मा," ती म्हणाली, "अप्पांच्या नावात हे मधेच कोरं का सोडलंय?"